आधी ऐका, मग खिशात हात घाला

सिनेमा काढायला काय काय लागतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगतो, ठाऊक करून घ्यायची हौसही नव्हती. मी उस्मानपुऱ्यातला साधा सीए. लोकांची विवरणपत्रं भरायची, नोटिसा आल्या की उत्तरं द्यायची आणि मार्च महिन्यात बायकोशी भांडायचं, एवढंच आमचं आयुष्य. त्यात रंगनाना शिरले आणि मी एका पिक्चरचा हिशेबनीस झालो.

रंगनाथराव मुळे माझे जुने क्लायंट. गाव करमाड, दुकान शहरात, औरंगपुऱ्यात, विहिरीच्या मोटरींचं आणि पाइपांचं. या माणसानं मला कायम 'वकीलसाहेब' म्हटलं. मी वकील नाही हे मी पहिल्या वर्षी सांगितलं, दुसऱ्या वर्षी सांगितलं, मग नाद सोडला. "कोर्टाचा आसो नाय तर टॅक्साचा, सरकारपुढं आपल्या बाजूनं तोंड उघडतो तो वकील," असं त्यांचं म्हणणं. खुर्चीवर बसताना एक पाय हमखास वर मुडपून घ्यायचे. खिशात अडकित्ता. समोरचा कोणीही असो, कलेक्टर असो की हमाल, त्याला 'मालक' म्हणायचे.

गिऱ्हाईक मोटर मागायला आलं की नाना आधी विहिरीची चौकशी करत. कोणी खांदली, किती परस खोल, उन्हाळ्यात पाणी कुठं जातं, शेजारी कोण, त्याच्याशी बरं आहे का. शेतकरी बिचारा मोटर न्यायला आलेला, तो बापाच्या मरणापर्यंत सगळं सांगून मोकळा व्हायचा. सगळं ऐकून झालं की नाना म्हणत, "मालक, तुमच्या विहिरीत पाच घागरी पाणी, अन् मोटर मागता हत्तीची. जा घरी, चहा पिऊन जा." गल्ल्यावर बसलेला त्यांचा मुलगा कपाळाला हात लावायचा. पण तो परत पाठवलेला माणूस पुढच्या साली लहान मोटर न्यायला त्यांच्याच दुकानी येई, हेही मी पाहिलंय.

नानांची भाची वैशाली. आपल्याच विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकली, मुंबईत चार वर्षं याच्या त्याच्या हाताखाली राबली आणि स्वतःची पटकथा घेऊन परत आली. तिकडं एका निर्मात्यानं तिला सांगितलं होतं, "जावाजावांचं आहे ना? मग मालिका कर, साड्या भारी घाल." पोरगी तिखट. तशीच उठून आली.

तिची गोष्ट दोन जावांची. वाटणी झाली, पण विहीर मधोमध राहिली. पाण्याच्या पाळ्या ठरल्या आणि पाळीवरून बोलणं तुटलं. थोरलीची म्हैस धाकटीच्या ज्वारीत शिरते, भांडण पेटतं. त्या साली पाऊस दगा देतो आणि धाकटीचं रान करपायला लागतं. शेवटी थोरली एका संध्याकाळी आपल्या पाळीला मोटर लावते, पाटाचा दांड फोडून पाणी धाकटीच्या वाफ्यात सोडते, आणि मोटर तशीच चालू ठेवून घरी निघून जाते. बस. एक शब्द बोलत नाही. संपला पिक्चर.

ही गोष्ट कुठून आली हे करमाडच्या कोणालाही विचारा. नानांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, सोपानरावांचं, असंच विहिरीच्या पाळीवरून कैक वर्षं बोलणं बंद होतं. वैशालीनं भावांच्या जागी जावा केल्या इतकंच. नानांना ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण सोपानरावांचं नाव निघालं की ते सुपारी कातरायला लागत, आणि कातरून झाली तरी खात नसत.

"वकीलसाहेब, पिच्चर काढायचाय," नाना माझ्या ऑफिसात येऊन म्हणाले.

मी समजावलं. बँक गोष्टीवर कर्ज देत नाही. सरकार अनुदान देतं, पण सिनेमा पूर्ण झाल्यावर, समितीनं पाहून पसंत केल्यावर. तोवर सगळं आपल्या पदरचं.

"म्हंजे पोरगं पास झाल्यावर शाळंची फी देणार," नाना म्हणाले. "हरकत नाय. आपन लोकांकडून उभं करू."

"लोकांकडून असा पैसा घेता येत नाही नाना, कायदा आहे."

"मग कायद्यात बसवा. तुम्ही वकील कशाला झालात?"

झालं! शेवटी मी भागीदारी संस्था काढून दिली. जो पैसा घालेल तो भागीदार, नफा झाला तर वाटा, तोटा झाला तर राम राम. नानांनी त्यात स्वतःचा एक नियम घातला आणि तो काही केल्या सोडला नाही. पूर्ण गोष्ट ऐकल्याशिवाय कोणाचा पैसा घ्यायचा नाही. "आधी ऐका, मग खिशात हात घाला," हे त्या दोन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलं की माझी बायको भाजीवाल्याला तसं म्हणायला लागली.

एक बडा बिल्डर नानांच्या ओळखीचा. त्यानं आम्हाला बंगल्यावर बोलावलं, काजू पुढं केले आणि चेकबुक काढलं. नाना सरसावून बसले, "तर दोन जावा आसतात मालक..."

"अहो नाना, गोष्ट राहू द्या. हिरोइन कोण आहे ते सांगा, आणि माझ्या साइटचा बोर्ड दिसेल ना कुठंतरी?"

नानांनी पाय खाली सोडला, उठले, नमस्कार केला. अर्ध्याहून जास्त सिनेमा त्या एका चेकमध्ये निघाला असता हो! मी गाडीत त्यांच्यावर खेकसलो. नाना शांत. म्हणाले, "वकीलसाहेब, ज्यानं गोष्ट ऐकली नाय तो अर्ध्यात येऊन इचारतो, माझे पैसे कुठं गेले. ज्यानं ऐकली तो इचारतो, पुढं काय झालं."

मग सुरू झालं सांगणं. दुकानात, करमाडच्या पारावर, लग्नाच्या मांडवात, एकदा तर दहाव्याला. नाना सांगायचे म्हणजे अंगात आल्यासारखं. थोरली झाले की कमरेवर हात, धाकटी झाले की पदर खोचल्याची खूण. म्हैस ज्वारीत शिरायची तेव्हा पोरंसोरं हसून लोळायची. कौसामावशी नावाची एक म्हातारी होती, एकटी, दोन शेळ्या आणि जिभेला धार. तिनं ऐकलं, डोळे पुसले, आणि गाठीचं सोडून नानांच्या हातावर ठेवलं. रशीदभाईंची रिक्षा आम्हाला औरंगपुऱ्यातून उस्मानपुऱ्याला आणत होती. त्यांनी गोष्ट ऐकण्यासाठी रिक्षा कडेला घेऊन बंदच केली. "चचा, आखिर में दोनों गले मिले ना? बस. मेरे भी लिख लो," म्हणाले.

मी हे ऐकलं, बरं का. माझ्या कानानं ऐकलं. पण मी पडलो आकड्यातला माणूस. गोष्ट मला नानांच्याच तोंडून पाठ झालेली, मी कशाला संशय घेतोय?

इकडं परवानग्यांची वरात चालूच होती. ग्रामपंचायतीचं ना-हरकत, ठाण्याला पत्र, आणि म्हशीची स्वतंत्र परवानगी. हो, म्हशीची! सिनेमात जनावर दाखवायचं तर त्याच्या खात्याला आधी कळवावं लागतं, डॉक्टरचा दाखला लागतो, जनावर प्रसंगात काय करणार ते लिहून द्यावं लागतं. आम्ही लिहिलं, 'म्हैस ज्वारी खाते.' त्यांचा प्रश्न आला, खाण्यासाठी तिच्यावर जबरदस्ती होणार आहे काय? नानांनी फोनवर सांगितलं, "मालक, खायला कशाची जबरदस्ती? भाईर काढायला करावी लागंल, त्याचं काय ते बोला." पलीकडचे साहेब एवढे हसले की परवानगी लवकर आली.

कॅमेरा ठरला, नट ठरले, ज्वारी कमरेला आली. वैशालीच्या मनात आलं की चित्रीकरणाआधी सगळ्या भागीदारांपुढं नटांनी एकदा पटकथा वाचावी. उस्मानपुऱ्यात एक छोटा हॉल घेतला. करमाडची मंडळी टेम्पोनं आली, बायका नटूनथटून, जणू साखरपुडाच आहे. वाचन रंगलं. थोरलीनं दांड फोडला, पाणी धाकटीच्या वाफ्यात गेलं, थोरली घराकडं निघाली, आणि वैशालीनं कागद मिटले.

कोणी हलेना. मग कौसामावशी म्हणाल्या, "हं. पुढं?"

"संपलं मावशी," वैशाली म्हणाली.

"आसं कसं संपलं? आन् धाकटी पळत येती ती? इहिरीच्या काठाला दोघी गळ्यात पडून रडत्यात ती? पुरनाचा सैपाक?"

"कसला स्वयंपाक?"

"ओ मॅडम," रशीदभाई उठले, "गले मिलने का सीन किधर गया? हमकू तो वोईच सुनाए थे."

सगळा हॉल बोलायला लागला. सगळ्यांनी तेच ऐकलं होतं. मीसुद्धा! वैशाली हळूहळू मामाकडं वळली. नानांचा चेहरा मी विसरणार नाही. चोरी पकडल्यासारखा नव्हता तो. आपल्याच घरात परकं सामान सापडावं तसे ते बघत होते.

"मामा, तुम्ही काय सांगत फिरलात?"

"बाय, पहिल्या दोन-चार बारीला तुझंच सांगितलं," नाना चाचरत म्हणाले. "मंग एकदा तोंडातून आलं. लोक रडले. मंग दर बारीला यायलाच लागलं. मला वाटाया लागलं, तूच लिव्हलंय."

लोकांना टेम्पोत बसवून दिलं आणि मग मामा-भाचीचं जुंपलं. वैशाली रडली, ओरडली. "मला हे मुंबईत करता आलं असतं मामा! मिठ्या मारायला मी इथवर आले का? मी तो शेवट घेणार नाही. नाही म्हणजे नाही." नानांचं एकच, पैसा ज्या गोष्टीवर घेतला ती दाखवायला पाहिजे. मी म्हटलं, कागदावर शेवटाबद्दल अवाक्षर नाही, कायद्यानं आपण मोकळे आहोत. बोललो आणि पस्तावलो.

"कागद तुमचा हाय वकीलसाहेब, तोंड माझं हाय," नाना कडाडले. माझ्यावर आवाज चढवलेला तो एकच प्रसंग. "दुधात पानी घालून इकलं मी. आता दूध बदलायचं का पानी काढायचं?"

नंतर बराच वेळ ते अडकित्त्याशी खेळत बसले. मग वैशालीला म्हणाले, "तुझी गोष्ट तशीच राहू दे. मी परत जातो एकेकाकडं. खरी सांगतो. ज्याला नको त्याचे पैसे वापस."

"आणि सगळ्यांनी मागितले तर?" तिनं विचारलं.

"तर पिच्चर ऱ्हायला."

आम्ही निघालो, माझीच गाडी. काय सांगू तुम्हाला, त्या फेरीत नानांना गोष्ट सांगता येईना. म्हैस यायची, भांडण यायचं, पण शेवट आला की दोन्ही हात आपसूक मिठीसाठी वर जायचे आणि ते ओढून खाली आणायचे.  मला बघवत नव्हतं. बियाण्याच्या एका व्यापाऱ्यानं तिथल्या तिथं पैसे परत घेतले. त्याच्या मागून आणखी काहींनी. रशीदभाई म्हणाले, "मायूस कर दिये चचा. पर रहने दो, दिए तो दिए." कौसामावशींनी शेळीला पाला टाकत पूर्ण ऐकलं.

"रंगा, तुझी पहिली गोष्ट ऐकून मला झ्याक झोप लागली व्हती," म्हणाल्या. "ही ऐकून लागायची नाय. माझे ऱ्हाऊ दे." मग पाला टाकायचा थांबवून विचारलं, "सोपानाला ऐकवली का रं?"

नानांनी अडकित्ता काढून सुपारी कातरायला घेतली. पण वेळ तिथंच येऊन ठेपली होती. पैसे गेले त्याची भर नानांनी दुकानातून घातली असती, पण विहीर कुठून आणणार? गावातल्या बाकी विहिरींना सिमेंटच्या कड्या बसल्या होत्या, मोटरी पाण्यात बुडालेल्या. वैशालीला हवी तशी दगडी पायऱ्यांची, काठावर मोटर आणि खांबाला स्टार्टर असलेली विहीर एकच उरली होती. ती सामाईक. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं, आणि दोघांची संमती असल्याशिवाय ग्रामपंचायत हलणार नव्हती. नाना तीन महिने हा विषय टाळत आले होते.

सोपानराव अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मला "या साहेब" म्हणाले. नानांकडं बघितलंसुद्धा नाही. आता आमच्या भागात बोलणं बंद झालेली माणसं एकमेकांशी बोलतात बरं, फक्त तिसऱ्याच्या मार्फत. तिसरा कोणी नसला तर म्हशीला सांगतात आणि ज्यानं ऐकायचं तो ऐकतो. त्या दिवशी म्हशीची जागा मला मिळाली.

"वकीलसाहेब," नाना माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "त्यांना सांगा, आमी इहिरीच्या सहीसाठी आलोय."

"साहेब, इचारा त्यांना, सही कशाला पायजे?"

"पिच्चरसाठी. पन आमचा नियम हाय, आधी गोष्ट ऐकायची."

"सांगा म्हणावं."

आणि नानांनी मला ती गोष्ट सांगितली. मला! जी मला झोपेत पाठ होती. सोपानराव शेंगा सोलत होते, त्यांच्या पत्नी, वहिनी, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. मी 'हं, हं' करत होतो. पाळी चुकली, लाइट गेली, कोणी कोणाचा दांड फोडला, शिव्या काय दिल्या. ऐकता ऐकता मला कळेना की आता गोष्ट चाललीय की यांचंच घर. सोपानरावांचे हात थांबले होते. शेवट आला. नानांचे हात वर गेले नाहीत या वेळी. मांडीवरच राहिले. "थोरली मोटर चालू ठिवती, अन् घरी निघून जाती. बोलत नाय. संपलं."

सोपानरावांनी हातातली शेंग सुपात टाकली. मग सोपानराव मला म्हणाले, "साहेब, इचारा त्यांना. मोटर चालू ठिऊन ती गेली. मंग बंद कोनी केली?"

मी नानांकडं बघितलं. 

"दुस्काळाचं साल हाय ना? इहिरीत पानी किती ऱ्हानार? तासाभरात उपसा झाला की मोटर कोरडी फिरंल, जळून जाईल," सोपानराव म्हणाले, आणि मग त्यांचा माझ्याकडं बघायचा धीर संपला. "रंगादादा, येवढ्या मोटरी इकल्या तू. बंद कोनी केली, सांग की!"

जन्मभर मोटरी विकलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. वैशालीला नाही, मला नाही, ऐकलेल्या कोणालाच नाही. नाना भावाकडं बघत राहिले.  "धाकटीनं केली आसंल," ते म्हणाले. "दुसरं कोन करनार सोपान? ती तितंच आसनार. ज्वारीत उभी ऱ्हाऊन समदं बघत आसनार."

"हां," सोपानराव म्हणाले. "मंग आसं सांग ना." आणि शेंगांचं सूप बाजूला ठेवून वहिनींकडं पेन मागितला.

मिठी वगैरे काही झाली नाही. चहा झाला, साखर कमी होती. मी मात्र, लाज सोडून सांगतो, चष्मा पुसायच्या निमित्तानं अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

नानांनी घरी येऊन वैशालीला फक्त प्रश्न सांगितला, उत्तर नाही. म्हणाले, "तुझी गोष्ट हाय, तूच बघ." ती दोन दिवस कागद घेऊन बसली. मग तिनं शेवटी एक दृश्य घातलं. स्टार्टर, आणि तो बंद करणारा धाकटीचा हात. हातातल्या काचेच्या बांगड्यांवरून कळतं कोणाचा ते. तोंड दिसत नाही, रडणं नाही, मिठी नाही. सोपानरावांच्या सहीच्या विहिरीवर ते घेतलं. ज्यांनी पैसे परत नेले होते त्यांतले दोघं ते ऐकून पुन्हा घेऊन आले. सेन्सॉरनं एकही कट दिला नाही. समितीला आवडला, अनुदान आलं, भागीदारांचं ज्याचं त्याला पोचलं, आणि वर थोडंफार. वैशालीला दुसरा सिनेमा मिळाला, तोही तिच्या अटींवर. दोघं भाऊ बोलायला लागले, पण तेवढ्यापुरतंच हो, पाळी, लाइट, फ्यूज. एवढं पुष्कळ झालं, नाना म्हणायचे.

मग माझ्या मुलानं हट्ट धरला म्हणून आम्ही पुण्याला राहायला निघालो. निघायच्या आदल्या दिवशी नानांचा निरोप घ्यायला औरंगपुऱ्यात गेलो. दुकानाच्या पायरीवर एक पाय मुडपून नाना बसलेले, समोर डाळमिलचे एक मालक, आणि मागं पाइपांच्या भेंडोळ्यावर एक तिशीतली बाई. पैठणकडची शिक्षिका, कळलं. तिनं सिनेमा लिहिला होता आणि वैशालीचं ऐकून थेट नानांकडं आली होती. नानांनी मला हातानंच 'बसा' केलं. तिची गोष्ट ऐन रंगात आली होती. हातवारे, सोंगं, सगळं तेच. डाळमिलवाल्यांचा चहा गार झाला होता. आता शेवट येणार, आणि नाना थांबले.

"पुढं?" डाळमिलवाले म्हणाले. "अहो नाना, पुढं काय झालं?"

नाना पायरीवरून बाजूला सरकले आणि मधली जागा हातानं झाडली.

"इथवर माझं," त्या बाईकडं बघून ते म्हणाले. "या बाई, इथं बसा. शेवट तुमच्या तोंडून होऊ द्या."